पद्मिनीच्या स्टेअरिंगचे तडे: आधी उघडा, मग भरा

प्रश्न थोडक्यात असा: १९७६ ची प्रीमियर पद्मिनी, स्टेअरिंग मूळचं. आऱ्यांच्या मुळाशी नऊ-दहा तडे आहेत आणि त्यातल्या दोनांत नख आत जातं. मागे एकदा गॅरेजमध्ये बॉडी पुट्टी भरून वर रंग मारून घेतला, तो पहिल्याच उन्हाळ्यात फुटला. हॉर्नच्या रिंगचं क्रोमही फुललं आहे. हे घरी होण्यासारखं आहे, की दुसरं चाक शोधावं?

घरी होण्यासारखं आहे. साधारण तीन आठवडे धरा. त्यात हात चालवायचं काम दहा-बारा तासांचं, बाकी सगळं वाळण्याची वाट पाहणं. आधीची दुरुस्ती का फुटली हे कळल्याशिवाय मात्र पुढचीही फुटेल, म्हणून सुरुवात तिथून करतो.

स्टेअरिंगच्या पोटात पोलादी कडं असतं आणि त्यावर कडक प्लॅस्टिकचा थर ओतलेला असतो. तापल्यावर पोलाद जेवढं वाढतं, त्याच्या आठ-दहा पट हे प्लॅस्टिक वाढतं. ४०० मिमी व्यासाचं चाक धरा. त्याचा परीघ सुमारे १,२५६ मिमी. पहाटे २० अंश आणि दुपारी उन्हात काचा बंद करून उभ्या असलेल्या गाडीत ६५ अंश, म्हणजे ४५ अंशांची तफावत. एवढ्या फरकाने पोलादी कडं जेमतेम ०.७ मिमी वाढतं. प्लॅस्टिक मोकळं असतं, तर साडेपाच ते सात मिमी वाढलं असतं. पण ते मोकळं नाही, आऱ्यांपाशी जखडलेलं आहे. त्यात भर अशी, की प्लॅस्टिकला लवचीक ठेवणारा प्लॅस्टिसायझर वर्षानुवर्षं उडत जातो, थर आकसतो आणि ठिसूळ होतो. पुरेसा आकसला की गारठ्याच्या एखाद्या सकाळी जिथे सर्वांत जास्त जखडलेला आहे तिथेच तुटतो. म्हणून तडे आऱ्यांजवळ असतात, आणि म्हणूनच तोच तडा सकाळी रुंद दिसतो आणि दुपारी जवळजवळ मिटतो.

आता बॉडी पुट्टीचं बघा. ती पॉलिएस्टरची असते, पत्र्यावरच्या पोचांसाठी बनवलेली. वाळताना स्वतः आकसते, ताण आला की वाकत नाही, तुटते, आणि गुळगुळीत प्लॅस्टिकला नीट चिकटत नाही. शिवाय ती बहुतेकदा तड्याच्या तोंडाशीच दाबलेली असते आणि खालची भेग तशीच हलत राहते. पुट्टी कितीही चांगली असली, तरी अशा जागी तिचं काहीच चालत नाही. तडा पोलादापर्यंत उघडायचा आणि भरलेला माल पोलादाला धरून बसवायचा, एवढीच या कामातली खरी गोम आहे.

चाक काढण्याआधी ते कशाचं आहे ते ओळखा. हबच्या मागे, न दिसणाऱ्या जागी, कापसाच्या बोळ्यावर एक थेंब ॲसिटोन घेऊन घासा. जागा लगेच चिकट झाली, तर ते सेल्युलोज ॲसिटेट किंवा त्याच्या गोत्रातलं प्लॅस्टिक आहे. मग पुढच्या सगळ्या कामात ॲसिटोन आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाचं थिनर त्याच्या जवळपासही आणायचं नाही. काहीच झालं नाही आणि घासल्यावर गंधकासारखा वास आला, तर ते एबोनाइट, म्हणजे कडक रबर. जुनं काळं एबोनाइट उन्हाने हिरवट-तपकिरी पडतं, त्यावरूनही ओळखू येतं. पद्मिनीपेक्षा बऱ्याच जुन्या गाड्यांत ते जास्त भेटतं. नखाने दाबल्यावर दबत असेल, तर वरचा थर पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेन फोमचा आहे. त्याला खालची पद्धत लागू पडत नाही. त्यावर चामडं शिवून घेतलेलं बरं.

आणि एकदा चाक नाकाशी धरून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल, पृष्ठभागावर चिकट घाम किंवा पांढरी भुकटी दिसत असेल, तर ॲसिटेट आतून कुजत आहे. त्यातून सुटणारं आम्ल पोलादालाही खातं. अशा चाकावर घातलेली मेहनत वाया जाते. ते खालच्या पोलादापर्यंत सोलून नव्याने साच्यात ओतून घ्यायचं, नाहीतर दुसरं शोधायचं.

काढताना बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी सोडा. हॉर्नची रिंग, तिच्याखालची स्प्रिंग, कॉन्टॅक्ट आणि वायर ज्या क्रमाने निघतात, त्या प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्या. स्प्रिंगची बारीक बाजू वर होती की खाली, हे तीन आठवड्यांनी कोणालाच आठवत नाही. पुढची चाकं सरळ ठेवा, शाफ्टच्या टोकावर आणि हबवर पंचने समोरासमोर एकेक टिंब मारा. नट सोडा, पण पूर्ण काढू नका, तीन-चार आटे धरून ठेवा. स्प्लाइनवर, म्हणजे शाफ्टच्या टोकावरच्या उभ्या दात्यांवर, वर्षानुवर्षं बसलेलं चाक अचानक सुटतं आणि थेट तोंडावर येतं. चाक निघत नसेल, तर पुलर लावा. शाफ्टच्या डोक्यावर हातोडी घालण्याचा मोह टाळा. तो धक्का सरळ स्टेअरिंग बॉक्समधल्या वर्म आणि बेअरिंगवर जातो. मग स्टेअरिंगमध्ये जो ढिला खेळ येतो, तो काढायला या सगळ्या कामापेक्षा जास्त खर्च येतो.

चाक हातात आलं की सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने ब्रश लावून धुवा. पन्नास वर्षांचा हातांचा घाम आणि तेल त्यावर असतं, ते न काढता पॉलिश पेपर मारला तर घाण प्लॅस्टिकमध्ये मुरते. कोरडं झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने झटपट पुसा. मग आरे धरून चाक पिळून पाहा आणि आऱ्यांचे वेल्ड व हबचा सांधा उजेडात तपासा. पोलादच तडकलेलं असेल, तर इथेच थांबा. स्टेअरिंगच्या पोलादावर कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून टाका मारून घेणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

पोलाद ठीक असेल, तर आता तडे उघडायचे. हे काम करताना वाईट वाटतं, कारण केसाएवढ्या भेगेची तुम्ही चांगली मोठी खाच करत असता. हॅक्सॉच्या पात्याचा तुकडा, तिकोनी कानस किंवा छोटं रोटरी टूल, काहीही चालेल. रोटरी टूल वापरलंत तर वेग कमी ठेवा, नाहीतर प्लॅस्टिक वितळून पात्याला चिकटतं. खाच इंग्रजी व्हीच्या आकाराची हवी, तळाशी सुमारे ३ मिमी, तोंडाशी ६ मिमी, आणि चाकाच्या पूर्ण गोलाईभर, आतल्या बाजूनेही. तळाला चकचकीत पोलाद दिसलं पाहिजे. गंज दिसला तर तो खरवडून काढा. प्लॅस्टिकच्या कडांखाली गेलेला गंज सोडला, तर तो फुगत राहतो आणि नवा माल आतून ढकलतो. खाचेच्या दोन्ही भिंती ८० नंबरच्या पेपरने खरखरीत करा, चकाकी राहू देऊ नका. आधीच्या दुरुस्तीची पुट्टी कणाकणाने काढा. तिच्यावर एपॉक्सी भरणं म्हणजे पोपड्यावर लांबी लावण्यासारखं.

यानंतर एक तपासणी बहुतेक जण विसरतात. पेचकसाच्या मुठीने चाकावर सगळीकडे हलकेच ठोका. जिथे आवाज पोकळ येतो, तिथे प्लॅस्टिक कड्यापासून सुटलेलं आहे, वरून तडा नसला तरी. अशा पट्ट्यात दर ४० मिमीवर १.५ मिमीचं छिद्र फक्त प्लॅस्टिकमध्ये पाडा, पोलादात नाही. इंजेक्शनच्या सिरिंजने पातळ एपॉक्सी शेजारच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत भरा आणि वरून मास्किंग टेप आवळा.

भरण्यासाठी हळू वाळणारं एपॉक्सी घ्या; आपल्याकडे सहज मिळणारं म्हणजे अराल्डाइट स्टँडर्ड. पाच मिनिटांत घट्ट होणारं नको, ते गरमीत लवकर मऊ पडतं. स्टँडर्डचं प्रमाण आकारमानाने १:१, वजनाने १०० ग्रॅम रेझिनला ८० ग्रॅम हार्डनर. अंदाजाने पिळू नका, डिजिटल काट्यावर मोजा. हार्डनर जास्त टाकलं की लवकर वाळतं, हा गैरसमज आहे. जास्तीचं हार्डनर तसंच उरतं आणि माल कायमचा रबरासारखा राहतो. किती लागेल? २२ मिमी जाडीचं चाक, आत १० मिमीचं कडं आणि सरासरी ५ मिमी रुंद खाच धरली, तर एका तड्याला दीड घन सेंटीमीटर. दहा तड्यांना १५. वाया जाणारं धरून ४०-५० ग्रॅम पुष्कळ झालं.

नुसतं एपॉक्सी गोल खाचेतून ओघळून खाली टेबलावर जमा होतं. म्हणून दोन टप्पे करा. पहिल्यात साधं मिश्रण ब्रशने पोलादाला आणि खाचेच्या भिंतींना चोळून लावा. ते लागलीच, ओलं असतानाच, दुसरं भरा: त्याच मिश्रणात बिनवासाची टाल्कम पावडर आणि चिमूटभर एरोसिल, म्हणजे सिलिकाची अतिशय हलकी भुकटी, फायबरग्लासचं सामान विकणाऱ्याकडे मिळते ती. घोटून श्रीखंडाएवढं घट्ट करा, उलट्या चमच्यावरून पडता कामा नये. रुंद खाचेत ३ मिमी लांबीचे कापलेले काचतंतू थोडे मिसळले तर माल चिवट होतो. फक्त ते वरच्या थरात येऊ देऊ नका, घासताना टोचतात. टाल्कमने आकसणं कमी होतं आणि पुढे घासणंही सोपं जातं. पातळीपेक्षा एक मिमी वर भरा.

भरायची वेळ सकाळची निवडा, चाक रात्रभर घरात गार झालेलं असताना. तेव्हा तडा सर्वांत रुंद असतो. त्या अवस्थेत बसलेला माल दुपारी प्लॅस्टिक फुगल्यावर दाबला जातो, आणि दाब एपॉक्सी सहज सोसतं. दुपारी मिटलेला तडा भरलात, तर उलटं होतं: रात्री प्लॅस्टिक आकसतं, जोड ओढला जातो आणि कडेने सुटतो. याला पैसा लागत नाही, फक्त लवकर उठावं लागतं.

चोवीस तास हात लावू नका. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणातल्या जुलैत, वाळलेल्या एपॉक्सीवर मेणचट चिकट थर येतो. हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी हार्डनरची क्रिया होऊन तो बनतो. तो थिनरने पुसला तर पसरतो. कोमट पाणी, साबण आणि हिरवी घासणी लावली की निघून जातो. न काढता दुसरा हात भरलात, तर दोन थरांत पापडासारखा सांधा राहतो. शक्य असेल तर एपॉक्सी आणि रंग ही दोन्ही कामं ऑक्टोबरनंतर धरा.

आकार देताना अर्धगोल कानशीने फुगवटा उतरवा आणि मूळ प्लॅस्टिकच्या अर्धा मिमी वर थांबा. पुढे ८० नंबरच्या पेपरची दोन सेंमी रुंद लांब पट्टी कापून, बुटाला पॉलिश करताना फडकं ओढतात तशी, चाकाभोवती दोन्ही हातांनी ओढा. बोटाने दाबून घासलं की मऊ मूळ प्लॅस्टिक जास्त झिजतं, एपॉक्सी कमी, आणि प्रत्येक जोडाशी टेंगूळ उरतं. डोळ्यांना ते दिसत नाही, गाडी चालवताना तळव्याला मात्र लागतं. व्हर्निअर कॅलिपरने चांगल्या जागेची जाडी मोजा आणि दुरुस्त जागा ०.३ मिमीच्या आत आणा. १२०, मग २२० नंबर.

चाकाच्या मागच्या बाजूच्या बोटांच्या खाचा तुटल्या असतील, तर डोळ्याने अंदाज घेऊन कोरू नका. चांगल्या भागावर व्हॅसलिनचा हलका हात फिरवून प्लास्टर ऑफ पॅरिसचा ठसा घ्या. तुटलेल्या जागी आधी एपॉक्सीचा ओला हात, त्यावर एम-सील. दोन्ही भाग सारखे घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळा. ठशाला आतून प्लॅस्टिकचा पातळ कागद लावून वरून दाबा. नंतर पेन्सिलीवर १२० नंबरचा पेपर गुंडाळून खाचांचे तळ साफ करा. एम-सील एकटं मात्र तड्यात भरू नका. ते दगडासारखं कडक होतं, पण गुळगुळीत कडेला त्याची पकड कमी पडते.

आता प्राइमर मारायची घाई होते, आणि तिथेच काम बिघडतं. चाक आठ-दहा दिवस तसंच ठेवा. दिवसा उन्हात, रात्री सावलीत. जे तडे मुळात पूर्ण उघडले नव्हते, ते याच दिवसांत तोंड काढतात. जोडाच्या कडेला केसाची रेघ दिसली, तर तिथे पुन्हा पोलादापर्यंत खाच. रंगाआधी पकडलेला तडा अर्ध्या तासाचं काम असतो, रंगानंतर पकडलेला म्हणजे सगळं पहिल्यापासून.

प्राइमर एपॉक्सीचाच घ्या. तो जुनं प्लॅस्टिक बंद करतो आणि आतून झिरपणारा प्लॅस्टिसायझर वरच्या रंगापर्यंत येऊ देत नाही. सेल्युलोज प्रकारच्या चाकावर पहिला हात अगदी हलका, धुक्यासारखा मारा. ओला थर दिलात, तर त्यातलं सॉल्व्हंट प्लॅस्टिकला सुरकुत्या पाडतं. पूर्ण वाळल्यावर वर काळ्या रंगाचा विरळ फवारा देऊन ४०० नंबरच्या वॉटर पेपरने घासा. काळं जिथे उरेल तिथे खळगा, जिथे आधी उडेल तिथे उंचवटा. टाचणीएवढी छिद्रं बारीक पुट्टीने भरा. पुट्टीचं या सगळ्या कामातलं स्थान एवढंच.

रंगाच्या छटेसाठी फोटो पाहत बसू नका, ते फसवतात. हॉर्नच्या टोपीखाली, जिथे ऊन कधी पोहोचलं नाही, तिथे मूळ रंग शाबूत असतो. तो भाग थिनर न लावता ओल्या फडक्याने पुसून रंगवाल्याच्या दुकानात चाकासकट घेऊन जा. वरून दिसणारा पिवळट हस्तिदंती रंग मूळचा नसतो, ती उन्हाची करामत असते. मूळ बहुतेकदा त्याहून फिकट निघतो. पिवळटच आवडत असेल तर जरूर तसा करा. फक्त मूळ रंग म्हणून नको.

वरचा रंग दोन भागांचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. एनसी रंग स्वस्त आणि सोपा, पण हाताच्या घामाने मऊ पडतो. चाक हबमधून पाइप घालून आडवं टांगा म्हणजे फिरवत मारता येतं. आधी बोटांच्या खाचा आणि आतली गोलाई, मग समोरची बाजू. पातळ तीन हात, दोन हातांमध्ये पंधरा मिनिटं. जाड एक हात मारलात तर आऱ्यांच्या कोपऱ्यांत ओघळ येतात आणि जाड रंगच पुढे तडकतो. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. नाकाला रुमाल किंवा साधा मास्क लावून ते फवारू नका, दम्याचा कायमचा त्रास लागू शकतो. नीट रेस्पिरेटर आणि मोकळी हवा नसेल, तर एवढं एक काम गाडी रंगवणाऱ्याकडून करून घ्या. तयार चाक त्याच्या हाती दिलं तर फार पैसे घेण्याचं कारण नाही. रंगल्यावर आठवडाभर चाक टांगलेलंच राहू द्या. वरून सुकलेल्या पण आतून कच्च्या पीयूवर बोटांचे ठसे उमटतात आणि ते जात नाहीत.

हॉर्नची रिंग. आधी चुंबक लावून पाहा. चिकटला तर पोलाद: जुनं क्रोम उतरवून, घासून, तांबं, निकेल, मग क्रोम अशा क्रमाने कोणताही बरा प्लेटर करून देईल. चुंबक चिकटला नाही आणि रिंग ओतीव वाटते, तर बहुधा जस्ताचा मिश्रधातू, ज्याला मॅझॅक म्हणतात. त्यातले खड्डे वरचे नसतात, धातू आतून पोखरलेला असतो, आणि जुनं क्रोम काढायच्या आम्लात तो झपाट्याने विरघळतो. प्लेटरला धातू कोणता हे आधी सांगा. न सांगता दिलेली रिंग अर्धी होऊन परत येऊ शकते. खड्डे खोल असतील तर दुसरी रिंग शोधणं स्वस्त पडतं. आणि प्लेटिंगनंतर रिंगचा कॉन्टॅक्ट जिथे टेकतो, ती जागा स्वच्छ आहे ना, हे पाहा.

दुसरं चाक घ्यायचंच झालं, तर ही वेळ वाईट नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदलेली होती आणि वीस वर्षांची मुदत संपून २०२३ मध्ये त्या रस्त्यावरून गेल्या. टॅक्सीचं चाक घेताना एकच गोष्ट बघा: वर्षानुवर्षं आवळलेलं कव्हर काढून दाखवायला सांगा. कव्हरखाली घाम आणि ओल अडकून राहते, वरून धडधाकट दिसणारं चाक आतून गंजलेलं निघतं. स्प्लाइन तुमच्या शाफ्टवर बसवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. दुसऱ्या गाडीचं चाक ठोकून बसवण्याचे प्रयोग करू नका.

बसवताना स्प्लाइन साफ करून ग्रीसचा अगदी पातळ हात, पंचची टिंबं समोरासमोर, नवं लॉक वॉशर आणि नट गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला. बॅटरी जोडून चाक दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा आणि प्रत्येक पाव फेरीला हॉर्न दाबा; एखाद्याच जागी वाजत नसेल, तर कॉन्टॅक्टच्या कड्यावर रंगाचा फवारा गेलेला आहे. इंडिकेटर वळणानंतर आपोआप परततो का तेही पाहा, हबमागची खूण एक दात चुकली की तो एका बाजूला परतत नाही. पहिले दोन महिने चाकावर कव्हर घालू नका, आणि गाडी उन्हात उभी करावी लागली तर चाकावर पांढरं सुती फडकं टाका.